तांब्याच्या बाजूने

३ मार्च

आत्या,

नमस्कार, तब्येत, हवापाणी हे सगळं लिहिलंय असं समज, कारण सांगायचं फार आहे. फोन मुद्दाम करत नाही. तुझा फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावलेला असतो आणि अख्ख्या घराचे कान त्याला लावलेले असतात. पत्र तरी दादा फोडत नाही. वाचायचा कंटाळा येतो त्याला.

मी अजून मोज्यांच्या कारखान्यातच आहे. चार महिने झाले. हस. याआधीचा माझा विक्रम सायकलच्या दुकानातला, अकरा आठवड्यांचा. कॉलेजचं दीड वर्ष मी धरत नाही, तिथे मी फक्त नावाने होते.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब खोली, अकरा गोल यंत्रं, सहा बायका आणि मी. माझं काम पुसणं, तेल घालणं, तुटलेल्या सुया बदलणं. मोजा कसा विणला जातो पाहिलायस का? वरच्या रबरापासून सुरू होतो, गोल गोल खाली येतो, आणि टाचेपाशी आला की यंत्र एकदम पुढे जायचं सोडून तिथल्या तिथे मागेपुढे डोलायला लागतं. पहिले दोन दिवस मी ती टाचच बघत बसले. मालकीणबाई म्हणाल्या, "पगार बघण्याचा नाहीये." असो. मुद्दा टाच नाही.

मुद्दा असा की प्रत्येक यंत्राच्या पोटात एक कार्ड आहे, वहीच्या अर्ध्या पानाएवढं सर्किट बोर्ड. कुठली सुई उचलायची ते आठ छोटी चुंबकं ठरवतात आणि चुंबकांना हुकूम हे कार्ड देतं. वीस वर्षं तापून तापून या कार्डांचा कोळसा झालाय. चार यंत्रं बंद पडलीत, बाकीची त्याच वाटेवर आहेत. चिप जिवंत आहे, सॉकेटमधून अलगद निघते. तिच्या पायाखालची फळीच जळाली. यंत्रं बनवणाऱ्यांना लिहिलं तर उत्तर आलं: ते मॉडेल बंद झालं, कार्डाचा नकाशा देता येणार नाही, नवी यंत्रं घ्या. नवी यंत्रं चार पुरतात, आणि चार सांभाळायला दोन बायका पुरतात. उरलेल्या चौघी घरी.

मग मी तोंड उघडलं. म्हटलं, कार्ड मी बनवते.

मालकीणबाई म्हणाल्या, "तू?" या एका अक्षरात काय काय होतं ते तुला सांगायला नको. पण त्या शब्दाच्या पक्क्या आहेत. पंधरा मेला जुन्या यंत्रांचा व्यापारी ट्रक घेऊन येणार आहे. त्या दिवशी एक यंत्र माझ्या कार्डावर आठ तास चाललं तर ट्रक रिकामा जाईल. नाही चाललं तर अकराही यंत्रं ट्रकमध्ये.

हे दादाला सांगायची अवदसा मला आठवली. तो म्हणाला, "नाही जमलं तर सोळा तारखेला मुकाट्याने घरी ये आणि माझ्या ऑफिसात बस." रागाच्या भरात मी हो म्हणून बसले.

तू बावीस वर्षं बोर्डं काढलीस. आता सगळं सॉफ्टवेअरवर काढतात म्हणे. कुठलं घेऊ, कसं शिकू, सांग.

तुझी भिंगरी


१० मार्च

भिंगरी,

सॉफ्टवेअरचं मला विचारू नकोस. मी पारदर्शक फिल्मवर काळी चिकटपट्टी लावून बोर्डं काढली, दुप्पट आकाराची, हाताने. मग डोळे दुखायला लागले आणि मी स्वतःहून फायलींच्या विभागात बदली मागून घेतली. हे तुला माहीत आहे.

बोर्डाचं विचार. चार बंद यंत्रांची चारही कार्डं काढून घे. एकावर जिथे जळालंय तिथे दुसऱ्यावर शाबूत असेल. मीटरचं एक टोक इथे, दुसरं तिथे, वाजला की वहीत लिही. कुठला पाय कुठल्या पायाला जोडलाय याची यादी पूर्ण होईपर्यंत एकही रेघ काढायची नाही.

दुसरं, नेहमी तांब्याच्या बाजूने बघ. वरून सगळे भाग नटूनथटून बसलेले दिसतात, वीज मात्र खालून धावते. मी बावीस वर्षं बोर्ड खालून पाहिलं, एकही उलटं गेलं नाही.

सॉफ्टवेअर तुला झेपेल ते घे. माझी अट एकच. त्यातून मापाला माप कागद निघाला पाहिजे. कागदावर दहा सेंटिमीटरची एक रेघ छापून घे, पट्टीने मोज, मगच टपालात टाक. कागद मी तपासून देईन. स्क्रीनवर मला काही दाखवायला येऊ नकोस.

दादाला हो म्हणालीस ते बावळटपणाचं केलंस. आता जमवच.

आत्या


१९ मार्च

आत्या,

चार मेलेल्या कार्डांतून एक धड कार्ड निघालं. मी मीटर लावायचे आणि सातनंबरवाली लिहून घ्यायची. सात नंबरच्या यंत्रावर बसते म्हणून सातनंबरवाली. इथे सगळ्यांची नावं अशीच आहेत. मला "पान्हा" म्हणतात. मधल्या सुट्टीत आठवडाभर बसलो. तिचा नियम असा की मी विषय सोडून बोलायला लागले की ती पेन खाली ठेवते. पेन बराच वेळ खालीच होतं. पण यादी झाली.

आता सॉफ्टवेअर. पहिलं दादाने पाठवलं, पेनड्राइव्हवर, त्याच्या मित्राकडचं. मोठमोठ्या कंपन्या वापरतात ते, विकत घ्यायचं तर कारखाना गहाण टाकावा लागेल, हे मात्र कुलूप तोडलेलं. सोबत चिठ्ठी: "शिकायचंच असेल तर निदान चांगलं शीक." उघडलं की असं वाटतं आपण विमान चालवायला बसलोय. दोन दिवस बटणं दाबण्यात गेले. त्यात बोर्ड तिन्ही बाजूंनी गोल फिरवून बघता येतं, तर मी रिकामं बोर्डच फिरवत बसले.

दुसरं इंटरनेटवरचं. बोर्ड छापून देणाऱ्या कारखान्याचंच, फुकट, आणि सोपं इतकं की मालकीणबाईंनाही जमेल. भाग उचल, ठेव, झालं. पण काढलेलं सगळं त्यांच्या घरी राहतं. इथे दुपारी पत्रा तापला की इंटरनेट जातं. इंटरनेट गेलं की माझं बोर्डही जातं.

तिसरं फुकटातलं, जगभरच्या हौशी माणसांनी मिळून केलेलं. दिसायला ओबडधोबड. उघडलं की गप्प बसून राहतं, जसं काही मीच त्याला नोकरी द्यायला आलेय. पहिल्या दिवशी मला त्यात सरळ रेघ काढता आली नाही. पण फाइल माझ्या लॅपटॉपवर राहते, साध्या अक्षरांत उघडते, उद्या मी मेले तरी कुणालाही वाचता येईल.

मी तिसरं घेतलं. या अकरा यंत्रांचा जीव दुसऱ्याच्या कपाटातल्या एका नकाशात अडकलाय. मग मी नवा नकाशा काढायचा आणि तोही नेऊन कुणाच्या तरी कपाटात ठेवायचा? नाही ठेवत जा. पेनड्राइव्ह पुसला आणि त्यावर सातनंबरवालीला गाणी भरून दिली.

आता एक विचारते, राग येईल, येऊ दे. तू का नाही शिकलीस हे? डोळ्यांचं मला पटत नाही. सुईत दोरा तू अजून माझ्याआधी ओवतेस. तू घाबरलीस ना? आपली आत्या, जी लाइनमनला खांबावरून खाली उतरवून भांडली होती, ती एका माउसला घाबरली. खरं की नाही?

भिंगरी


२६ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र दोनदा फाडायला घेतलं. उत्तर द्यायचं होतं म्हणून ठेवलं.

नोटीस बोर्डावर तीन नावं लागली होती. नवीन सॉफ्टवेअरचं तीन आठवड्यांचं शिक्षण, कंपनीच्या खर्चाने. विभागात आम्ही चौघं. माझं नाव नव्हतं. ज्याला मी पट्टी कापायला शिकवलं त्याचं पहिलं होतं. मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, तुमचा हात इतका चांगला आहे, तुम्हाला कशाला हवं ते खूळ?" स्तुती होती, म्हणून भांडताही आलं नाही.

तीन आठवडे मी येताजाता दाराच्या काचेतून बघत होते. सहा महिन्यांनी माझं टेबल हलवलं आणि तिथे प्रिंटर ठेवला. मला फायली दिल्या. घरी काय सांगायचं? डोळे म्हणाले. तुझे आजोबा हौसेने मला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराला मीच हळूच म्हटलं, साध्या काचा घाला. सोळा वर्षं साध्या काचांचा चष्मा लावतेय.

तेव्हा घाबरले असं पुन्हा लिहू नकोस. मला विचारलंच नाही. या दोन्हींत फरक आहे आणि तो तुला कळायला हवा. तुला आजवर सगळ्यांनी विचारलं, तूच सोडून सोडून आलीस.

हे घरात कुणाला सांगायचं नाही. तुझ्या आईलासुद्धा.

कागद कुठे आहे? मार्च संपत आला. सोबत जुन्या कार्डावरचा एक कनेक्टरही पाठव, वायरींची पट्टी ज्यात घुसते तो. भाग हातात घेतल्याशिवाय मी कशावर टिक करत नाही.

आत्या


१० एप्रिल

आत्या,

मला नीट माफी मागता येत नाही. म्हणून तुझ्या त्या साहेबाला मोठ्याने चार शिव्या दिल्या. सातनंबरवालीनेही दोन दिल्या. तिला कारण सांगितलेलं नाही, तिला कारण लागत नाही.

शेवटचं वाक्य लागलं मला. कागदावरून बोट फिरवून फिरवून ते पुसट झालंय. सोडून येणारी मी आहेच. पण या वेळी नाही, आणि हे दादासाठी नाही.

कागद पाठवतेय. पहिला कागद दहाऐवजी नऊ पूर्णांक चार भरला. प्रिंटरने मला न विचारता चित्र पानात बसवलं होतं. तू ती रेघ छापायला सांगितली नसतीस तर सगळं बोर्ड आखूड झालं असतं.

काय काय शिकले सांगू? आधी नुसतं जोडणीचं चित्र काढायचं, कुठला पाय कुणाला. मग सगळे भाग बोर्डावर ओतायचे. त्यांच्यामध्ये बारीक रेघांचं जाळं दिसतं, या जोडण्या अजून बाकी आहेत असं सांगणारं. भाग हलवला की जाळं ताणलं जातं. एक एक जोडणी तांब्याच्या ट्रॅकने पुरी केली की जाळ्यातला एक धागा विझतो. व्यसन लागतं गं. मी दोन दिवस भाग नुसते हलवत होते, जाळं कसं हलतं बघायला. हो, टाचेसारखंच. माहितीये.

मग एक बटण असतं, नियम तपासा म्हणून. पहिल्यांदा त्रेचाळीस चुका निघाल्या. दोन ट्रॅक एकमेकांना चिकटलेले, भोक कडेला गेलेलं, असलं सगळं. परवा शून्य आल्या.

कनेक्टर मात्र सॉफ्टवेअरमध्ये तयार नव्हता. हजारो भाग आहेत, नेमका आपला नाही. मग त्याचा ठसा, म्हणजे पाय बोर्डावर कुठे बसतात ते चित्र, मी स्वतः काढलं. तुझं वाक्य डोक्यात होतं. कनेक्टर टेबलावर पालथा ठेवला, पाय वर, तांब्याच्या बाजूने. एक एक पाय मोजला, वीसच्या वीस, आणि दिसला तसा उतरवला.

बघ आणि कळव. छापणारे अठरा दिवस घेतात.

भिंगरी


१५ एप्रिल

भिंगरी,

लाल खुणा केल्यात त्या बघ. मुख्य सांगते.

चुंबकांकडे जाणारे ट्रॅक केसासारखे काढलेस. जुनं कार्ड कशाने जळालं? यानेच. तू त्यांचा नकाशा उतरवलास आणि त्यांचा मूर्खपणाही उतरवलास. तिप्पट जाड कर. जागा नाही म्हणू नकोस, डावीकडे मैदान पडलंय.

गरम होणारे दोन भाग शेजारी बसवलेस. त्यांचं पटणार नाही. लांब कर.

कनेक्टर तपासला. कागद खिडकीच्या काचेला लावला, मागून कनेक्टर धरला. वीसच्या वीस पाय नंबरासकट जुळतात. टिक केलीय.

बाकी काम नेटकं आहे. वळणं माझ्यासारखी घेतलीस. कुठे पाहिलंस कोण जाणे.

सुधार आणि लगेच छापायला पाठव, पुन्हा मला दाखवत बसू नकोस.

एक सहज विचारते. भाग हलवला की ते जाळं ताणतं म्हणालीस. पण ट्रॅक काढून झाल्यावर भाग हलवला तर ट्रॅक मागोमाग येतो की तुटतो? सहजच विचारलं.

आत्या


७ मे

आत्या,

काल बोर्डं आली. पाच, हिरवीगार, काचेसारखी. सातनंबरवालीने ओढणीला हात पुसून मगच हातात घेतलं. दुपारपर्यंत मी सगळे भाग सोल्डर केले, चिप बसवली, सात नंबरच्या यंत्रात लावलं. मालकीणबाई येऊन उभ्या राहिल्या. सहाही बायका आल्या. बटण दाबलं.

एकही सुई हलली नाही.

संध्याकाळी मीटर लावला तेव्हा कळलं. कनेक्टरच्या एक नंबरच्या पायात दोन नंबरची वायर, दोनमध्ये एकची, तीनमध्ये चारची, अशा दहाच्या दहा जोड्या. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक भाग वरून बघून काढतात. मी पालथा बघून, आरशातला काढला. त्याला कसं कळणार? त्याने शून्य चुका म्हटलं, तूही टिक केलीस, आणि मी तुम्हा दोघांवर विश्वास ठेवला.

नवी बोर्डं यायला पुन्हा अठरा दिवस. माझ्या हातात आठ आहेत.

तुला सहा फोन केले. तू उचलला नाहीस, पण दादाने पाहिलं असणार, कारण त्याचा लगेच मेसेज आला: "कुठली खुर्ची हवी, खिडकीजवळची?" मी उत्तर दिलेलं नाही. मालकीणबाईंनी जाताना फक्त यंत्रावर हात फिरवला.

मी जात नाहीये कुठे. पण काय करू ते कळत नाहीये. वायरी कापून आडव्यातिडव्या जोडू का? वीस वायरी, थरथरणारं यंत्र, तासाभरात एक तरी सुटेल.

बोर्डाचा फोटो नाही, कागदच पाठवतेय. तुला तोच लागतो.

भिंगरी


९ मे

भिंगरी,

फोन मुद्दाम उचलले नाहीत. रडणारीचं ऐकत बसले असते तर डोकं चाललं नसतं. टपालाची वाट बघायला वेळ नाही, हे सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतेय, तो कारखान्यावर आणून देईल.

चूक माझी. फिल्मवरचं बोर्ड आम्ही पालथंच काढायचो, म्हणून डोळ्याला तेच सरळ वाटतं. तुझा कागदही मी काचेला लावून मागून पाहिला आणि मागूनच कनेक्टर धरला. मागून सगळं जुळणारच. एकही उलटं गेलं नाही असा तोरा मिरवला होता मी तुझ्यापाशी, तो परत घेते.

आता ऐक. तुझ्या वायरी कापू नकोस. आरशातला ठसा खालून बघितला की सरळ होतो. कनेक्टर काढ आणि त्याच भोकांत खालच्या बाजूने बसव, सोल्डर वरून मार. एक एकच्या जागी येईल, दोन दोनच्या. बाकीच्या भागांना हात लावू नकोस, ते तयार ठशांवर बसलेत, ते बरोबर आहेत.

मग वायरींची पट्टी खालून घालावी लागेल आणि खाली लोखंड असणार. कार्ड उंच कर. चार कोपऱ्यांना चार पाय, निदान अडीच सेंटिमीटरचे. प्लॅस्टिकचे, धातूचे नाहीत.

लावण्याआधी मीटरने वीसच्या वीस पुन्हा वाजवून घे. माझ्या शब्दावर जाऊ नकोस. मी चुकते हे आता तुला माहीत आहे.

दादाला मी उत्तर दिलंय. काय दिलं ते तुला सांगायची गरज नाही. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. घर शांत आहे.

आत्या


१६ मे

आत्या,

क्रमाने सांगते. प्रयत्न करते.

कनेक्टर खालून बसवला. वीसही वाजले, दोनदा तपासले, एकदा मी, एकदा सातनंबरवालीने. पायांसाठी मालकीणबाईंच्या टेबलावरची चार बॉलपेनं घेतली, नळ्या करवतीने कापल्या, आतून लांब स्क्रू घातले. कार्ड यंत्रात असं उभं राहिलं जसं काही उंदीर बघून स्टुलावर चढलंय. झाकण लागेना. सातनंबरवाली म्हणाली, "नको लावूस. आत काय चाललंय ते मला तरी दिसेल."

व्यापारी काल सकाळी ट्रक घेऊन आला. आठ वाजून दहा मिनिटांनी यंत्र सुरू केलं. सुया उठल्या. आत्या, पहिला मोजा खाली पडला तेव्हा सगळ्या तो बघायला वाकल्या. दुसरा पडल्यावर सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

व्यापारी स्टुलावर बसून बघत होता. मध्येच वाकून म्हणाला, "या फळीने उंच टाचा का घातल्यात?" सातनंबरवाली म्हणाली, "तुमच्या डोळ्याला डोळा भिडवायला."

सव्वादोनला यंत्र थांबलं. सहा तास झाले होते. व्यापारी तत्काळ उठला. "थांबलं," म्हणाला आणि ट्रकवाल्याला हाक मारली. गडबडीत मला काही दिसेना. सातनंबरवालीने वाकून पाहिलं आणि तुटलेली सुई चिमटीत धरून वर काढली.

"सुई तुटली. तुमच्या नव्या यंत्रांना सुया नसतात का?"

व्यापारी म्हणाला, थांबलं ते थांबलं. मालकीणबाई आल्या. कुणाकडे बघितलं नाही, सरळ कार्डावर तळहात ठेवला. जुनी कार्डं दुपारपर्यंत हात लावू देत नसत, चटका बसायचा. त्यांनी हात तसाच ठेवला, बराच वेळ. मग म्हणाल्या, "कोमट आहे. कार्ड चालू आहे. सुई बदला." तुझे जाड ट्रॅक.

सातनंबरवालीने सुई बदलली. चार वाजून दहा मिनिटांनी आठ तास झाले, पण तिने सुईची मिनिटं भरून काढायला आणखी पाच मिनिटं चालवलं, व्यापाऱ्याकडे बघत. ट्रक रिकामा गेला.

जाण्याआधी त्याने मला बाजूला घेतलं. अशी यंत्रं आणखी पाच गावांत आहेत, नकाशा विकशील का. मी म्हटलं, विकायला काय आहे, सकाळीच इंटरनेटवर टाकला, कुणीही घ्या, खाली ठळक लिहिलंय की कनेक्टर उलटा आहे. तो माझ्याकडे असा बघत राहिला जसं मी त्याचा खिसा कापला. मालकीणबाईही चिडल्या. "मला विचारायचं तरी." मी म्हटलं, "तुमच्या यंत्रांचा नकाशाही कुणी तुम्हाला विचारून लपवला नव्हता." त्यांनी कार्डाकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "दहा कार्डं कर. अशीच."

म्हटलं, अशी नाही करणार. सरळ करेन.

आज सोळा तारीख. दादाचा फोन आला होता. "बॅग भरलीस का?" मी म्हटलं, "भरलेली होती, काल रिकामी केली." तो म्हणाला, "बघू किती दिवस." बघू दे.

पण एक खरं सांगते. बातमी पसरली. शेजारच्या छापखान्यातून एकजण जळकं कार्ड घेऊन आला, धुलाईवाल्याचं एक आलंय, लिफ्टवाला दोनदा डोकावून गेला. माझं लक्ष कसं आहे तुला माहीत आहे. छापखान्याचं कार्ड हातात घेतलं आणि दुपारभर छापखानाच बघत बसले. मालकीणबाईंनी मागची खोली देऊ केलीय, त्यात दोन टेबलं मावतात. त्यांनी विचारलं, दुसरं कुणाचं? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "वय?" मी म्हटलं, ते तिलाच विचारा, हिंमत असेल तर.

ये ना. चार दिवस राहायला म्हणून तरी ये.

भिंगरी


२१ मे

भिंगरी,

चार दिवस राहायला मी येणार नाही. पाहुणी म्हणून बसायला मला जमत नाही आणि तुझ्या खोलीत बसायला जागाही नसेल.

कामाला येते. पगार ठरवून. शिकाऊ म्हणून नाही, तुझी मदतनीस म्हणून तर अजिबात नाही. मालकीणबाईंना हे आधी सांगून ठेव. वय मी स्वतः सांगेन, छप्पन्न, पण त्यांनी ते समोर उभं राहून विचारावं.

काल जेवताना सगळ्यांना सांगितलं. डोळ्यांचं, नोटीस बोर्डाचं, सगळं. तुझे बाबा म्हणाले, "सोळा वर्षं बोलली नाहीस, आणि आता या वयात नोकरी? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोकांना विचारत नाहीये. तुलाही विचारत नाहीये, सांगतेय. तुझी आई शांतपणे म्हणाली, "डोळ्यांचं मला कधीच पटलं नव्हतं. बोलले नाही, इतकंच." तेवढ्यात तुझा दादा म्हणाला, "आत्या, तिकडे तुला कोण ठेवून घेणार?" म्हटलं, ज्यांच्या दारातून ट्रक रिकामा गेला ते.

आणखी एक तुझ्यापासून लपवलं होतं. तुझ्या दादाचा जुना लॅपटॉप माळ्यावर पडला होता, झाकण मोडलेला. भिंतीला टेकवला की उभा राहतो. एप्रिलपासून दुपारी सगळे पडले की मी तुझं ते ओबडधोबड सॉफ्टवेअर उघडून बसते. पहिले आठ दिवस मलाही सरळ रेघ जमली नाही. ट्रॅक मागोमाग येतो का ते मी तुला विचारलं, तू उत्तर दिलं नाहीस, तेव्हा स्वतः हलवून पाहिलं. येतो, पण बटण वेगळं आहे.

तुझा नकाशा इंटरनेटवरून उतरवून घेतला. कनेक्टरचा ठसा वरून बघून पुन्हा काढला, ट्रॅक त्याप्रमाणे फिरवले. शून्य चुका म्हणतंय. माझा त्याच्यावर विश्वास नाही, माझ्यावर तर नाहीच. एक बोर्ड आधी छापू, लावून बघू, चाललं तरच दहा. या वेळी घाई करणारं कुणी नाही.

आणि हो, तिथे आल्यावर मला शिकवायला बसायचं नाही. अडले तर विचारीन. तोवर माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावायचं नाही, बोट लावून दाखवायचं नाही आणि छापखान्याच्या गोष्टी सांगायच्या नाहीत. खिडकीजवळचं टेबल माझं.

रविवारच्या दुपारच्या बसने निघतेय. स्टँडवर घ्यायला येऊ नकोस, तू वाटेत कुठेतरी काहीतरी बघत बसशील. कारखाना मी विचारत येईन.

आत्या